पूर्वेस डोंगर

डिचोलीच्या सब-रजिस्ट्रारकडे
कागद पंख्याने उडू नयेत म्हणून ठेवलेला दगड
खनिजाचा होता. जड, बोटांना गेरू लावणारा.
कारकुनाने खरेदीखत वाचलं:
घर, ओटा, माड चार, फणस एक,
उत्तरेस ओहोळ, दक्षिणेस पंचायतीचा रस्ता,
पश्चिमेस शाबा गावस यांचं भाट,
पूर्वेस डोंगर.

मी म्हटलं, पूर्वेस तळं आहे.
तळ्यासाठीच तर घेतेय.
त्याने चष्म्यावरून बघितलं.
बाय, एक-चौदावर डोंगर आहे, नकाशात डोंगर आहे,
तळ्याला सर्व्हे नंबर नाही.
सही इथे.

चौतीस वर्षं बांबोळीला रात्रपाळ्या केल्या मी.
पाणी, सिस्टर, पाणी.
फंडाच्या पैशाचं काय करायचं, ते तेव्हाच ठरलं होतं:
जाग येईल तेव्हा समोर पाणी दिसावं
आणि ते कुणी मागितलेलं नसावं.

एजंटाने फोटो पाठवला होता.
कळकलेल्या पितळेसारखं हिरवं पाणी,
भोवती लाल कडे, पायऱ्यापायऱ्यांचे,
कुणा राक्षसाच्या पुष्करिणीला असाव्यात तशा,
मागे सह्याद्रीची निळी रेघ.
खाली लिहिलेलं: शांतता. लेक व्ह्यू.
फलक फोटोत आला नव्हता.
पाणी खोल आहे, उतरू नये.
त्यातला 'न' गंजून गळालाय.
आता नुसतंच, उतरू ये.

उल्हास मळीक किल्ल्या द्यायला आला
तो ओट्यावर बसला नाही.
खाणीवर पोकलेन चालवून
चिऱ्यावर चिरा चढवलेला हा ओटा त्याचाच.
'हांगा दोंगर आशिल्लो,' म्हणाला,
हात वर नेला, बराच वर,
आणि मग तो हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना.
शेवटची बकेट त्याची.
मग कोर्टाची ऑर्डर आली, उपशाचे पंप थांबले,
दुसऱ्या पावसाळ्यात पाणी तिसऱ्या पायरीला.
डोंगर कुठे गेला, मी विचारलं.
बार्जीतून मुरगावाक. थंयसून चायनाक.
परदेशी गेलेल्या मुलाचा पत्ता सांगावा तसं,
थोडं अभिमानाने.

घरच्या विहिरीला पाणी नाही.
ते खाणीने आधीच ओढून घेतलं.
एवढ्या पाण्याच्या काठावर बसून
मी गुरुवारी टँकरची वाट बघते.
कोल्हापूरहून बहीण आली, खिडकीत उभी राहिली,
नशीब काढलंस म्हणाली,
आणि अर्ध्या बादलीत आंघोळ केली.

मासे नव्हते आधी. कुणीतरी सोडले असावेत,
कारण एक खंड्या यायला लागलाय,
फलकावर बसतो.
जानेवारीत पंप लागतात,
हेच पाणी वायंगणाच्या शेतात जातं.
त्या तांदळाची पेज मी खाते.
गोड लागते. काय करू?

एक गोष्ट मळीक निघताना बोलला,
दुचाकीला किक मारता मारता.
त्याच्या आईच्या वेळी
अंगणात ऊन पडायचं साडेनवाला.
डोंगर चढून यायला सूर्याला वेळ लागायचा,
तोवर तिची निम्मी कामं काळोख्या थंडाव्यात उरकायची.

आता सात वाजता
ऊन थेट माझ्या उशीवर येतं.
म्हणजे रोजचे अडीच तास
नसलेल्या डोंगराचे.
खरेदीखतात त्यांचा उल्लेख नाही,
स्टॅम्प ड्यूटी मी त्यांच्यावर भरलेली नाही.

मी त्या उन्हात सोलं वाळत घालते.
सुपातली कोकमं काळी पडत जातात.
बाजूने पावलं वाजली की, का कोण जाणे,
मी सूप थोडं सावलीत सरकवते.